फरकाचा हिशेब

खानदेशात ‘कूलर’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती खिडकीला लावलेली पत्र्याची पेटी. तिच्यात सकाळ-संध्याकाळ बादलीने पाणी ओतायचे, ताटी भिजली की नाही ते पाहायचे, आणि मे महिन्याची दुपार तिच्या घरघरीत काढायची. जळगावात पारा ४५ अंशांपाशी घोटाळू लागला की घराघरांतला हा नित्यनेमच होऊन बसतो. त्यामुळे दाणा बाजारातल्या एका घरात मुलाने संगणकासाठी ‘पाण्याचा कूलर’ आणला, तेव्हा वडिलांना त्यात नवल वाटले नाही. माणसाला लागतो, तसा यंत्रालाही लागत असेल, एवढाच त्यांचा समज झाला.

खाली डाळीचे दुकान आणि वरच्या मजल्यावर मुलाची खोली. मुलाने पेढीवर बसण्याऐवजी लग्नसमारंभांच्या चित्रफिती संकलित करण्याचे काम पत्करले होते. वडिलांनी त्याला विरोध केला नाही. पण त्या कामाला ते ‘तुझे ते कॉम्प्युटरचे’ म्हणत, धंदा म्हणत नसत. दिवाळीत घेतलेल्या संगणकाने हिवाळाभर बिनतक्रार काम दिले. मे उजाडला आणि तासाभराच्या कामानंतर प्रोसेसरचे तापमान ९७ अंशांवर जाऊ लागले. आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान स्वतःच आपला वेग आवरतात. उष्णता तरीही वाढत राहिली तर यंत्र बंद पडते. येथे दोन्ही होऊ लागले. दोन ओळखीच्या घरांची बयाणा रक्कम घेतलेली होती, तारीख दिलेली होती. व्यापाऱ्याच्या घरात दिलेला शब्द मोडणे म्हणजे काय, हे मुलाला सांगण्याची गरज नव्हती.

त्याने दोनदा थर्मल पेस्ट बदलली. फरक पडला नाही. मग नवा, पंधरा हजारांचा कूलर मागवण्याचे ठरले. जेवताना वडिलांनी सहज विचारले, “अरे, पण आतले पाणी बदलून पाहिलेस का?”

“पप्पा, त्यात पाणी भरत नसतात. ते कायमचे बंद असते.”

“मग गार कसे होते?”

प्रश्न साधा होता, आणि मुलाला त्याचे उत्तर नीट देता आले नाही. खिडकीतला कूलर हवा गार करतो, कारण त्यातले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जाते. म्हणून तो बाहेरच्यापेक्षा थंड हवा देऊ शकतो, आणि म्हणूनच त्याला सतत पाणी लागते. संगणकाच्या कूलरमध्ये पाण्याची वाफ होत नाही. तिथले पाणी केवळ हमालाचे काम करते. प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या तबकडीतून ते उष्णता उचलते, छोट्या पंपाच्या जोरावर नळीतून रेडिएटरपर्यंत वाहून नेते आणि दुसऱ्या नळीने परत येते. या हमालीत पाणी फार बळकट आहे. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा ते सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहू शकते. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही द्रवाच्याच साहाय्याने थंड ठेवला जातो. मात्र आणलेला माल शेवटी खोलीतल्या हवेतच उतरवावा लागतो. म्हणून असा कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही.

त्याच आठवड्यात उधारीच्या कामासाठी बापलेकांना धुळ्याला जावे लागले. तिथे मुलाचे चुलते शेतीच्या पंपांचे दुकान चालवतात. चहा घेता घेता कूलरची गोष्ट निघाली. काकासा संगणकाला हात लावणारे गृहस्थ नव्हेत. पण बंद नळीतून जाणारे पाणी हा त्यांचा तीस वर्षांचा विषय.

ते म्हणाले, “ठिबकवाला शेतकरी येतो आणि म्हणतो, पंप खराब झाला. मी विचारतो, फिल्टरच्या आधी दाब किती आणि नंतर किती? दोहोंत फरक वाढला असेल तर फिल्टर तुंबलाय. पंप बिचारा ठीक आहे. एकट्या आकड्याला काही अर्थ नसतो रे, फरक बघावा लागतो.”

मग बोलणे साक्री तालुक्यातल्या दातर्तीकडे वळले. १८८४ साली सरकारी नोकरीत नव्याने रुजू झालेल्या विश्वेश्वरय्यांनी तिथे पांझरेच्या पाण्यासाठी नळांचा वक्रनलिका मार्ग बांधला होता. काकासांच्या मते त्यातला धडा एवढाच, की पाणी एकदा नळात शिरले की डोळ्यांना दिसत नाही. तोंडाशी काय जाते आणि शेवटाशी काय निघते, यावरूनच मधली हकीकत ओळखायची.

एरंडोल मागे पडेपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. मग वडिलांनी विचारले, “हिवाळ्यात खोलीत किती तापमान होते आणि यंत्राचे किती?”

यंत्र नवे असताना मुलाने मोबाइलमध्ये नोंद केली होती: खोली २६, त्याच कामात प्रोसेसर ७१. फरक ४५ अंश. घरी पोहोचल्यावर पुन्हा मोजले: खोली ३९, प्रोसेसर ९७. फरक ५८. ऋतू तेरा अंशांनी तापला, तो दोष कोणाचाच नव्हता. पण फरकही तेरा अंशांनी वाढला होता. ही तूट ऋतूच्या नावे मांडता येणार नव्हती. ती यंत्राच्या आतच कुठेतरी होती.

आता शोध सोपा झाला. यंत्राच्या मूळ मांडणीत पाहता पंपाचे फेरे पूर्वीइतकेच दिसले. कान लावून ऐकले. हवा अडकल्याचा गुळगुळ आवाज नव्हता. मग हात लावून नळ्या पाहिल्या. दोन्ही सारख्याच तापलेल्या. म्हणजे उष्णता प्रोसेसरवरून नीट उचलली जात होती आणि पाणी फिरतही होते. माल निघत होता, पण गोदामात उतरत नव्हता. वडिलांनी रोजमेळातल्या कागदाचा एक कपटा रेडिएटरच्या वरच्या जाळीवर ठेवला. पंखे पूर्ण वेगात असूनही तो हलला नाही.

यंत्र बंद केले, वीजजोडणी काढली आणि पंखे उतरवले. पंखा आणि रेडिएटर यांच्या मध्ये, बाहेरून कधीच न दिसणाऱ्या जागी, बोटभर जाडीचा राखाडी नमदा बसला होता. खालच्या दुकानातून उडणारी डाळीची भुकटी आणि खिडकीतल्या कूलरची ओली हवा यांनी मिळून तो विणला होता. एका कूलरने दुसऱ्याचा श्वास कोंडला होता. मऊ ब्रशने आणि बेताच्या झोताने रेडिएटर मोकळा केला. पंख्यांवर झोत मारताना पाती बोटाने धरून ठेवली, कारण झोताने ती भलत्या वेगाने फिरली तर पंखा बिघडतो. रात्री पुन्हा मोजणी झाली: खोली ३८, प्रोसेसर ८४. फरक ४६. पंधरा हजार वाचले.

प्रत्येक घरी दोष इथेच सापडेल असे नाही. प्रोसेसर तापलेला आणि दोन्ही नळ्या गार असतील, तर पंप थांबला आहे किंवा तांब्याची तबकडी नीट टेकलेली नाही. कधी कधी तिच्यावरचा प्लास्टिकचा पापुद्रा काढायचाच राहून जातो. एक नळी फार गरम आणि दुसरी गार असेल, तर प्रवाह अडतो आहे. पंप रेडिएटरपेक्षा वर बसवला असेल, तर हवा त्याच्यातच साठते. रेडिएटरचा वरचा भाग नेहमी पंपाहून उंच हवा. आणि काही वर्षांनी नळ्यांतून थोडे थोडे पाणी झिरपून उडतेच. तेव्हा मात्र नवा कूलर घेणे हाच शहाणपणा. फक्त तो खर्च शोधाच्या शेवटी करावा, सुरुवातीला नव्हे.

दोन्ही चित्रफिती ठरल्या तारखेला पोहोचल्या. खिडकीतल्या कूलरचे तोंड दुसऱ्या भिंतीकडे वळवले गेले. दर पंधरवड्याला रेडिएटर झाडायचे ठरले, आणि त्या दिवसाचे तीन आकडे, खोलीचे, यंत्राचे आणि फरकाचे, रोजमेळाच्या शेवटच्या पानावर वडिलांच्या अक्षरात उतरू लागले. पानाच्या माथ्यावर काय लिहावे याचा त्यांनी क्षणभर विचार केला. मग मुलाचे नाव लिहिले आणि त्यापुढे एकच शब्द मांडला: धंदा.