आमची गाडी रस्त्याने निवडली

शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच गाड्या देखण्या दिसतात. खरी परीक्षा असते ती आपल्या रोजच्या रस्त्यावर. पौड ते हिंजवडी या रस्त्यासाठी प्रीमियम हॅचबॅक शोधतानाची ही गोष्ट.

‘मॅडम, सनरूफ बघा ना!’

शोरूममधल्या टाय लावलेल्या मुलाने बटण दाबलं आणि डोक्यावरची काच अलगद मागे सरकली. वर आकाश कुठलं, शोरूमची ट्यूबलाइट होती. ‘छान आहे,’ मी म्हटलं, ‘पण रात्री डिपरवर किती लांबचं दिसतं?’ त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मोठ्या आशेने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. ‘गाडी तीच चालवणार आहे.’

आता एवढं घोडं दिव्यांपाशीच का अडलं, ते सांगते.

आम्ही राहतो पौडजवळच्या एका वाडीत आणि माझं ऑफिस हिंजवडीच्या फेज थ्रीमध्ये. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये कोथरूडचा भाड्याचा फ्लॅट सोडून सासरी आलो. ‘दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे’ म्हणत आलो आणि राहिलोच. पुढच्याच वर्षी सासरे गेले. आता घरात आई, म्हणजे सासूबाई, गोठ्यात एक गाय, दारात फणस आणि मागे आंबेमोहोराचं खाचर. आईंना पुण्याला न्यायचा विषय काढला की त्या गोठ्याकडे बघायच्या. विषय तिथेच संपायचा. नवऱ्याची कंपनी पिरंगुटला, त्याला बाइक पुरते. प्रश्न होता माझा. वर्क फ्रॉम होम संपलं आणि रोजचं जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर सुरू झालं. सोबतीला अकरा वर्षांची छोटी, थकलेली गाडी.

फेब्रुवारीतल्या एका रात्री साडेनऊच्या सुमाराला मी घोटावड्याच्या जवळ होते. समोरून एका मोठ्या गाडीचे पांढरेफेक दिवे डोळ्यांवर आले. ते गेले आणि पुढच्या अंधारात एकदम उसाची ट्रॉली! लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा उसाची टोकं बॉनेटच्या वर आली होती.

घरी येऊन मी काही बोलले नाही. पण आईंनी माझे हात बघितले होते. सकाळी चहा ओतता ओतता त्या एवढंच म्हणाल्या, ‘त्यापरीस मीच येते पुन्याला. गाय देऊ कुनाला तरी.’

ट्रॉलीने घाबरवलं नव्हतं तेवढं या वाक्याने घाबरवलं. त्या दिवसापासून गाडीचा प्रश्न आमच्या घराचा प्रश्न झाला.

सगळ्या सारख्याच लांबीच्या का?

मोठी एसयूव्ही घ्यायची तर बजेट नाही आणि आमच्या वाडीतल्या बोळात ती वळायचीही नाही. अगदी छोटी गाडी घ्यायची तर पौड रस्त्यावरच्या डंपरांशेजारी ती काडेपेटीसारखी वाटते. मधला मार्ग म्हणजे प्रीमियम हॅचबॅक. यादी पटकन तयार झाली : मारुतीची बलेनो, तिचीच टोयोटाकडची बहीण ग्लान्झा, ह्युंदाईची आय-ट्वेंटी आणि टाटांची अल्ट्रोझ. ऑफिसमधले जुने शौकीन अजून चाकणला बनणाऱ्या पोलोच्या नावाने उसासे टाकतात, पण ती २०२२मध्येच बंद झाली.

कागदावर बघाल तर या सगळ्या चार मीटरच्या जेमतेम आत. बलेनो आणि अल्ट्रोझ ३,९९० मिलिमीटर, आय-ट्वेंटी ३,९९५! हा योगायोग नाही बरं का. २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४वरून १६ टक्के झालं आणि कंपन्यांनी टेप घेऊन गाड्या मापायला सुरुवात केली. पुढे जीएसटीतही हे माप टिकलं. २२ सप्टेंबर २०२५पासून अशा गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा आमच्यासारख्या काठावर बसलेल्यांनी उडी मारली.

पण लांबी सारखी, किमतीही आसपास, मग निवडायची कशी? ब्रोशर आठवडाभर चाळून डोकं फिरलं. शेवटी नवऱ्याने एक वही घेतली आणि म्हणाला, ‘गाड्या राहू दे. आधी रस्ता लिहू.’

रस्ता, टप्प्याटप्प्याने

पहिला टप्पा आमच्या वाडीपासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा. अर्धा कच्चा, अर्धा सिमेंटचा आणि मध्ये गावाने प्रेमाने घातलेले स्पीडब्रेकर. प्रेम जरा जास्तच झालंय. ग्राउंड क्लिअरन्स आय-ट्वेंटी आणि बलेनोचा १७० मिलिमीटर, अल्ट्रोझचा १६५. पाच मिलिमीटरवर आम्ही एक संध्याकाळ भांडलो! मग कळलं, हा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. चार माणसं आणि एक तांदळाचं पोतं चढलं की गाडी त्याहून जास्तच बसते. म्हणून टेस्ट ड्राइव्हला एकटं जाऊ नका. घरचे सगळे आणि शेजारचा एखादा धडधाकट काका मागे बसवा आणि गाडी आपल्याच गतिरोधकावरून न्या.

दुसरा टप्पा पौड रस्त्याचा. हाच पुढे मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणी घाटातून कोकणात उतरतो. सेनापती बापटांनी १९२१मध्ये ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभारला, तेच हे धरण. आज पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी त्याच पाण्यासोबत सेल्फी काढायला अर्धं पुणं येतं. रस्ता बरा, म्हणून वेग जास्त, म्हणून धोका जास्त. इथे मी एकच रकाना बघितला : सुरक्षिततेचा. जानेवारी २०२०मध्ये अल्ट्रोझला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांसाठी पाच स्टार मिळाले होते. ऑक्टोबर २०२३पासून आपल्याकडे भारत एनकॅपही सुरू झालं. तुमच्या यादीतल्या गाडीचे स्टार तपासायला दोन मिनिटं लागतात. रंग निवडायला आपण दोन आठवडे घेतो!

तिसरा टप्पा माझा लाडका. घोटावडे फाट्याला डावीकडे वळायचं, मुळेचा पूल ओलांडायचा आणि मग खाचरांमधून घोटावडे, तिथून माण. जुलैत लावणी, ऑक्टोबरात पिकलेल्या भाताचा वास आणि सकाळी आठला दुधाच्या किटल्या लटकवलेल्या मोटरसायकली. माण जवळ आलं की हिरव्यापलीकडून एकदम काचेच्या इमारती डोकं वर काढतात. दहा मिनिटांपूर्वी आपण म्हशींना वाट देत होतो, हे तिथल्या लिफ्टमध्ये कुणाला खरं वाटत नाही.

याच टप्प्याने आमची गाडी निवडली. रस्ता अरुंद, पुढे ट्रॅक्टर आणि ओव्हरटेकला मिळणारी सरळ जागा जेमतेम. इथे टॉप स्पीड कामाचा नाही, कमी वेगातून झटकन निघणारी ताकद हवी. ब्रोशरमध्ये ती ‘टॉर्क’ नावाने लिहिलेली असते. बलेनोच्या साध्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क ११३ न्यूटन मीटर, आय-ट्वेंटीचा ११५. शहरात भरपूर झाला. अल्ट्रोझच्या दीड लिटर डिझेलचा मात्र २००. गिअर न बदलता ट्रॅक्टर मागे पडला तेव्हा मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने वहीत टिकमार्क केला.

डिझेलचं मात्र एक आहे. मारुतीने २०२०मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, कारण बीएस-सिक्सच्या नियमांनंतर अशी इंजिनं महाग पडू लागली. शिवाय या इंजिनांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वच्छ राहायला गाडी अधूनमधून एका लयीत, बऱ्यापैकी लांब पळावी लागते. तुमचं ऑफिस चार किलोमीटरवर असेल आणि त्यातले तीन सिग्नलला जात असतील, तर डिझेलच्या नादी लागू नका. आमचे रोजचे पन्नास किलोमीटर त्याला मानवतात.

याच रस्त्यावर साइडपट्टी हाही एक पेपर आहे. समोरून बस आली की डावं चाक डांबरावरून खाली उतरतं आणि डांबराची धारदार कड टायरच्या बाजूला लागते. या वर्गात १८५/६५ आर १५ आणि १९५/५५ आर १६ हे आकार सर्रास दिसतात. गणित करा : पहिल्याची बाजू साधारण १२० मिलिमीटर उंच, दुसऱ्याची १०७. मोठं, चकचकीत अलॉय चाक म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामध्ये एक सेंटिमीटरहून जास्त रबर कमी. फोटो छान येतो. पंक्चरवाल्यालाही आनंद होतो.

रात्रीची टेस्ट ड्राइव्ह

‘रात्री टेस्ट ड्राइव्ह? मॅडम, सातला बंद होतं.’ हे उत्तर तीन ठिकाणी मिळालं. शेवटी ऑफिसमधला एक सहकारी कामी आला. त्याच्याकडे अल्ट्रोझ होती. त्याला जेवायला घरी बोलावलं आणि माणपासून पौडपर्यंत मी चालवली. डिपरवर डावीकडची कड शेवटपर्यंत दिसत होती. त्यानेच मला डॅशबोर्डवरचं एक छोटं चाक दाखवलं. मागे माणसं बसली की गाडीचं नाक वर होतं आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ते चाक फिरवून झोत खाली आणायचा. माझ्या जुन्या गाडीतही ते चाक होतं. अकरा वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता!

त्या रात्री अजून एक गोष्ट पटली, थोडी नावडती. ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच ट्रॉली अंगावर येते. कितीही चांगले दिवे लावा, अंधाऱ्या रस्त्यावर साठने जाणं मी बंद केलंय. चाळीसच्या वर काटा नेत नाही आणि ऊस सुरू असेपर्यंत सहा वाजता लॅपटॉप बंद करते. मॅनेजरला आधी खटकलं. मी त्याला कारण सांगितलं, आता तोच मला साडेपाचला आठवण करतो.

आईंची परीक्षा

गाडी दारात आणून दाखवा, असं आम्ही शोरूमला सांगितलं होतं. आईंना रंगात रस नव्हता, टचस्क्रीनमध्ये तर नाहीच. त्यांनी मागचं दार उघडलं. अल्ट्रोझची दारं जवळजवळ काटकोनात उघडतात, हे ब्रोशरमध्ये मी वाचून सोडून दिलं होतं. नऊवारी सावरत त्या आधी सीटवर टेकल्या आणि मग एकेक पाय आत घेतला. जुन्या गाडीत बसताना त्यांना डोकं आणि गुडघे यांपैकी एकाला वाचवता यायचं.

‘बसाया येतंय,’ त्या म्हणाल्या. निकाल लागला.

आम्ही डिझेलचा मधला व्हेरिअंट घेतला. बलेनो, आय-ट्वेंटी वाईट का? मुळीच नाही. बाणेरमध्ये राहत असते तर बहुधा बलेनोच घेतली असती, हलकी आणि पेट्रोल कमी खाणारी. माझ्या रस्त्याचं उत्तर वेगळं आलं, एवढंच. तुमचा रस्ता भोर ते शिरवळ असेल किंवा कर्जत ते खोपोली, तुमचं उत्तर आणखी वेगळं येईल. त्यासाठी वही मात्र घ्या. किती गतिरोधक, किती ओव्हरटेक, किती अंधार, मागे कोण बसणार, हे सगळं आधी लिहा. मग शोरूमची पायरी चढा आणि तिथे मुलगी चालवणार असेल तर प्रश्नही तिलाच विचारू द्या!

हो, एक सांगायचं राहिलं. आम्हाला हव्या त्या व्हेरिअंटमध्ये सनरूफ आलंच. परवा रविवारी आईंना पौडच्या दवाखान्यातून घरी आणलं. दारात गाडी थांबवली आणि गंमत म्हणून मी बटण दाबलं. काच मागे सरकली आणि वर फणस दिसला, बारक्या बारक्या फळांनी लगडलेला. आई मान वर करून बराच वेळ बघत बसल्या.

‘औंदा लई लागल्यात,’ त्या म्हणाल्या. ‘उतरवायला मानूस सांगून ठेव.’

पुण्याला जायचा विषय त्यानंतर कुणी काढलेला नाही.