पावतीत न आलेलं वजन

जयसिंगपुरात उसाचा विषय निघाला की दोन वाक्यांत काटा येतोच. विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद भरते तेव्हा दराबरोबर काट्याचंही बोललं जातं. काटामारी, म्हणजे काट्यावर वजन कमी दाखवणं, हा शब्द आमच्याकडच्या पोरांना शाळेच्या आधी कळतो. मी मोबाइलची अॅप लिहितो, आणि माझ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला या शब्दामुळंच नीट समजली.

तीन हंगामांपूर्वी मी उसाच्या खेपांची नोंद ठेवणारं एक लहान अॅप लिहिलं. तारीख, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, पावतीचा फोटो. सगळं फोनमध्येच राहणार. कोड पहिल्या दिवसापासून उघडा ठेवला. उदगावचे एक अण्णा, वडिलांचे स्नेही, त्यांनी फोन हातात घेऊन विचारलं, "माझा ऊस किती गेला ते ह्यातनं आणि कुणाला कळतंय का रं?"

"नाही अण्णा. सगळा कोड उघडा आहे, कुणीही बघावं."

पुढं ते अॅप एफ-ड्रॉइडवर द्यायचं ठरलं. 2010 साली सुरू झालेलं हे भांडार फक्त मुक्त अॅप ठेवतं, आणि मूळ कोड घेऊन अॅप स्वतः बांधून बघतं. बंद लायब्ररी, म्हणजे मूळ कोड न दाखवणारा दुसऱ्याचा तयार भाग, आत असेल तर ते अॅप घेतच नाहीत. अर्जाआधी मी माझी तयार फाइल उलगडली. परवानग्यांच्या यादीत इंटरनेट होतं.

ती परवानगी मी कुठंही लिहिली नव्हती. रात्री अकरापर्यंत मी माझाच कोड ओळीओळीनं वाचत बसलो आणि त्यात ती सापडेना. कारण ती माझ्या कोडात नव्हतीच. अॅप बंद पडलं तर मला कळावं म्हणून मी एक तयार लायब्ररी जोडली होती, बांधणीच्या फाइलीत एक ओळ टाकून. अशी लायब्ररी येताना स्वतःच्या परवानग्या घेऊन येते, आणि अॅप बांधलं जाताना त्या माझ्या यादीत मिसळल्या जातात. लायब्ररी मिळते तीही आधीच बांधलेली. ती आत काय गोळा करते आणि कुठं पाठवते, हे वाचायला तिचा मूळ कोड माझ्याकडं नव्हता. जे मी वाचलं नव्हतं त्याची खात्री मी अण्णांना दिली होती. चूक माझी होती आणि ती मला फार लागली.

न वाचता येणाऱ्या भागाची मोठी उदाहरणं मला ठाऊक होती, हे जास्त बोचलं. सरकारचं कोरोनासाठीचं अॅप आरोग्य सेतू 2 एप्रिल 2020 ला आलं आणि 26 मे रोजी त्याच्या अँड्रॉइड अॅपचा कोड खुला झाला. सर्व्हरवरचा कोड मात्र त्या दिवशी त्यात नव्हता, म्हणजे माहिती जिथं पोचते ती बाजू वाचता येत नव्हती. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या मुक्त लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. तो बांधणीत शिरवणारा तुकडा सार्वजनिक कोडसाठ्यात नव्हता, वाटपासाठी केलेल्या गठ्ठ्यात होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, आणि तो मागे लागला म्हणून ते उघड झालं.

अशा न दिसणाऱ्या भागावर आमच्या शेतकऱ्याचा उपाय जुना आहे. तो भरलेली गाडी आधी खासगी काट्यावर घालतो, मग कारखान्याच्या. दोन पावत्या शेजारी धरतो. काटा आतून कसा चालतो हे त्याला ठाऊक असायची गरज पडत नाही, दुसरा काटा असावा लागतो. एकाच कोडवरून दोन वेगळ्या माणसांनी अॅप बांधावं आणि दोन्ही फाइली बाइटला बाइट जुळाव्यात, ही आमच्या धंद्यातली तीच खटपट. बंद लायब्ररी आत आली की जुळणी झाली तरी तेवढा भाग गोणी न सोडता तोललेला राहतो.

मी ती लायब्ररी काढली. तिच्या जागी आक्रा घेतली, तिचा कोड वाचता येतो. आता अॅप बंद पडलं तर ती वापरणाऱ्यालाच विचारते आणि त्याच्या मेलमध्ये मजकूर भरून देते. पाठवायचं की नाही, ते त्यानं ठरवायचं. पुढं जोडलेला शेताचा नकाशाही अशाच बंद लायब्ररीवर चालत होता, तोही काढला. इंटरनेटची परवानगी गेली. यात गमावलंही बरंच. पूर्वी बिघाड मला आपोआप कळायचे, आता फार थोडे लोक मेल पाठवतात. नकाशा गेला म्हणून काहींनी अॅपच काढून टाकलं.

अण्णांकडं जाऊन सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मग तवा कशावरनं सांगितलंस?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी फोन पुढं केला. नवीन आवृत्ती टाकली, परवानग्यांचं पान उघडून दिलं, त्यांनी चष्मा लावून ते वाचलं. कॅमेरा, एवढंच होतं. "ह्ये पावतीच्या फोटोला," ते म्हणाले, आणि त्या दिवशीच्या दोन खेपा त्यांनी माझ्यासमोर बसून भरल्या.