आधी भिंत, मग पडदा

बडोद्याच्या मराठी घरांतून गरुडेश्वरची वारी ठरलेली असते. वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, यांनी १९१४ साली तिथे नर्मदाकाठी देह ठेवला. दुसरी वाट नारेश्वरची, रंगावधूत महाराजांची. या वाटांवर हल्ली ट्रॅव्हलर गाड्यांची केलेली फिरती घरं दिसू लागली आहेत. मागच्या सीटा काढायच्या, दोन लांब बाकं, छोटा ओटा, पाण्याची टाकी, डोक्यावर पंखा. आमच्याकडे अशीच एक गाडी आहे. तिच्यातला २४ इंची टीव्ही काढून ३२ इंची लावायचा ठरला, तेव्हा जे पाहिलं, विचारलं आणि मोजलं, त्याची ही टिपणं.

*

मोठा टीव्ही आईसाठी. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही खालच्या पट्टीतली अक्षरं तिला सहा फुटांवरून वाचता येत नाहीत, आणि बातम्यांमध्ये तिला पट्टीच वाचायची असते. गाडीत टीव्ही कशाला, असं काही जण विचारतात. ऐंशी पार केलेल्या बाईला घाटावर चार पायऱ्या उतरल्यावर उरलेला दिवस गाडीतच काढायचा असतो, हे विचारणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. गाडीमुळे आम्ही बाहेर पडू शकतो असं नाही. गाडी आहे म्हणून आई आमच्याबरोबर बाहेर पडू शकते.

*

आकाराचा हिशोब. इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, म्हणून दुकानात फसायला होतं. २४ इंची पडदा जेमतेम ५३ सेंमी रुंद, ३२ इंची ७१, आणि ४३ इंची ९५. भाच्याला ४३ हवा होता. चालकाच्या पाठीमागच्या पार्टिशनवर तो टेपने धरून पाहिला, तर पुढे ये-जा करायच्या वाटेत चांगला वीतभर बाहेर येत होता. अंधारात पाणी घ्यायला उठलेल्या माणसाच्या कपाळाला तो कोपरा लागणारच. शिवाय वजन: ३२ इंची सेट साधारण चार-पाच किलोंत बसतो, ४३ इंची सात-आठ किलोंवर जातो. जागा आणि वजन दोन्ही ३२ च्या बाजूने होते. भाच्याने दोन दिवस तोंड फुगवलं आणि मग ब्रॅकेट शोधायच्या कामाला तोच लागला.

*

मकरपुरा जीआयडीसीत बॉडीचं काम करणाऱ्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी जुना टीव्ही उतरवला, पार्टिशनवर बोटांच्या पेरांनी टकटक केली आणि म्हणाले, "बेन, आ दीवाल नथी, खाली प्लाय छे." भिंत नव्हेच, नुसती प्लाय.

आतून सनमायका लावलेली सहा मिलिमीटरची प्लाय, आणि तिच्यात चार सेल्फ स्क्रू. २४ इंची टीव्ही एवढ्यावर टिकला होता. त्यातल्या दोन स्क्रूंची भोकं लंबगोल झाली होती. आत लाकडाचा बारीक भुसा. घरच्या भिंतीत सिमेंट आणि वीट असते, रावळप्लग घातला की काम झालं. गाडीत धरायला लोखंडच लागतं, आणि ते कुठे आहे हे आधी शोधावं लागतं. मिस्त्रींनी चुंबक फिरवून प्लायमागचे दोन उभे चौकोनी पाइप शोधले, पेन्सिलने रेघा मारल्या. मग प्लायचा वरचा तुकडा उघडून मागे वायर कुठून गेली आहे ते पाहिलं. ड्रिल हातात घेण्याआधी हे केलं, म्हणून मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. छतावरच्या दिव्यांची सगळी वायर तिथूनच वर चढत होती.

*

काम काय केलं ते नीट लिहून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल.

दोन उभ्या पाइपांवर पंचवीस मिलिमीटरचे दोन चौकोनी पाइप आडवे टाकले. वेल्डिंगने नव्हे, बोल्टने. गाडीच्या आत वेल्डिंग करायचं तर बॅटरीची जोडणी सोडावी लागते, भोवतीचा फोम आणि वायर सांभाळाव्या लागतात. आणि पुढे कधी काढायचं झालं तर कापावंच लागतं. जिथे बोल्ट पाइपमधून आरपार जातो, तिथे मिस्त्रींनी आत नळीचा छोटा तुकडा घातला. तो नसेल तर चाकी आवळताना पोकळ पाइप चेपतो. चेपलेला पाइप त्या दिवशी घट्ट वाटतो, पण महिन्याभरात ढिला पडतो. या दोन आडव्या पाइपांवर बारा मिलिमीटरची प्लाय, तिच्यावर ब्रॅकेट, आणि बोल्ट प्लाय-पाइप दोन्हींतून आरपार. मागे रुंद वॉशर आणि नायलॉकची चाकी. नायलॉकच्या चाकीत वरच्या बाजूला नायलॉनचं कडं असतं; ते आट्यांना धरून ठेवतं, म्हणून हादऱ्याने चाकी फिरून सुटत नाही. साध्या चाकीखाली स्प्रिंग वॉशर घालून भागवणारे पुष्कळ आहेत. गाडीसाठी मला नायलॉकच बरी वाटते.

*

टीव्हीच्या पाठीवर चार भोकं असतात. त्यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं, त्याला व्हेसा म्हणतात. ३२ इंची सेटला बहुतेक वेळा १०० बाय १०० किंवा २०० बाय २०० मिलिमीटर, क्वचित २०० बाय १००. ब्रॅकेट घेण्याआधी पट्टीने मोजावं.

स्क्रूची लांबी याहून महत्त्वाची. आखूड असेल तर दोनच आटे धरतो. लांब असेल तर आत जाऊन पॅनेलच्या मागच्या बोर्डावर टेकतो, आणि आवळणाऱ्याला वाटतं की छान घट्ट बसला. आगपेटीची काडी भोकात घालून खोली मोजायची, तिच्यात ब्रॅकेटच्या पत्र्याची जाडी मिळवायची. बडोद्यातल्या मरीमाताच्या खांच्यात (गल्लीत) टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने ही रीत सांगितली.

*

हादऱ्याचा विचार करताना आधी दिशा पाहावी. आमचा पडदा चालकाच्या पाठीमागे, तोंड मागच्या बाकाकडे. जोरात ब्रेक लागला की सेट पुढे जाऊ पाहतो, म्हणजे आपल्याच भिंतीवर दाबला जातो. हाच टीव्ही गाडीच्या मागच्या भिंतीवर, तोंड पुढे करून लावला असता, तर त्याच ब्रेकला तो भिंतीपासून सुटून माणसांच्या अंगावर यायला बघतो. टक्कर झालीच तर क्षणभर वजनाच्या वीसपट जोर येऊ शकतो. साडेचार किलोंचा सेट त्या क्षणी नव्वद किलोंसारखा ओढतो. गाडीत टीव्ही कुठे लावायचा हा सजावटीचा प्रश्न नाही.

रोजचा त्रास मात्र वर-खाली होणाऱ्या हादऱ्यांचा. डभोईकडे जाताना गावागावांतले गतिरोधक, त्यांतले काही न रंगवलेले. प्रत्येक उसळीला ब्रॅकेटच्या वरच्या दोन बोल्टांवर ताण येतो आणि खालची कड भिंतीवर आपटते. म्हणून खालच्या कडेला, सेट टेकेल असा, प्लायचा छोटा ठोकळा स्क्रूने बसवला आणि त्यावर जाड इव्हा फोमची पट्टी चिकटवली. आता वजन ठोकळा घेतो. बोल्टांनी फक्त मागे धरून ठेवायचं.

*

ही कल्पना नवी नाही. बडोद्याहून मुंबईला रात्रीच्या बसने गेलेल्यांना ऐंशीच्या दशकातले व्हिडिओ कोच आठवत असतील. चालकाच्या डोक्यामागे लोखंडी अँगलचा पिंजरा, त्यात पिक्चर ट्यूबचा जड डबा, समोर कुलपाची पट्टी, खाली व्हीसीआर. तो टीव्ही पाठीवर लटकवलेला नसे. फळीवर बसवून चारही बाजूंनी अँगलने जखडलेला असे. काचेची ती ट्यूब खड्ड्यांतून मुंबईपर्यंत शाबूत जायची. सेट सपाट आणि हलके झाल्यावर आपण तो पिंजरा सोडून दिला, तो मात्र उगीच. खाली टेकू आणि बाजूंना अडसर ही त्या कारागिरांची अक्कल आजच्या टीव्हीलाही हवीच आहे.

*

पॅनेल फुटतं ते बहुतेक वेळा धक्क्याने नव्हे, पीळ बसून. खडबडीत रस्त्यावर एक चाक वर, एक खाली अशी गाडी गेली की सगळी बॉडी किंचित पिळते. ब्रॅकेटचं एक टोक पार्टिशनवर आणि दुसरं बाजूच्या पत्र्यावर असेल, तर तो पीळ थेट काचेत जातो. चारही बोल्ट एकाच चौकटीत हवेत. वाहून नेतानाही पॅनेल उभंच धरायचं, बाकावर आडवं टाकायचं नाही.

*

बाहेर ओढता येणारा, वळणारा हात असलेलं ब्रॅकेट भाच्याने आणलं होतं. गाडी उभी असताना सोय मोठी आहे: आडवं पडूनही पडदा आपल्याकडे वळवता येतो. पण हात चाळीस सेंमी बाहेर आला की बोल्टांवरचा ताण कितीतरी वाढतो. प्रवासात तो पूर्ण मिटलेला आणि खिळीने अडकवलेलाच हवा. खिळी नसलेलं ब्रॅकेट आम्ही परत केलं. खिळी असूनही वरून सामानाचा पट्टा एकदा फिरवतोच.

*

विजेचं थोडक्यात. ३२ इंची एलईडी सेट साधारण ५० वॉट घेतो. इन्व्हर्टरची तूट धरून ६० धरा. १२ व्होल्टच्या बॅटरीतून पाच अँपिअर. शंभर अँपिअर-तासाच्या लेड-अॅसिड बॅटरीचा निम्माच भाग वापरावा, म्हणजे कागदावर आठ-दहा तास. पंखा, दिवे, फोन यांचा वाटा काढला की संध्याकाळपुरतं निवांत भागतं. ही बॅटरी इंजिनच्या बॅटरीपासून वेगळी हवी, नाहीतर सिनेमा संपल्यावर गाडी चालू होत नाही. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. १२ व्होल्टवर थेट चालणारा टीव्ही घेतला तर एवढं ध्यानात ठेवा की इंजिन चालू असताना तिथे चौदाच्या वर व्होल्ट येतात. मधे स्थिर पुरवठा देणारा कन्व्हर्टर लागतो.

*

आईला सह्याद्री वाहिनी हवी. नर्मदाकाठी फोनला रेंज असेल-नसेल, म्हणून डीडी फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेली ही सेवा, महिन्याचं भाडं नाही. छोटी तबकडी तिवईवर उभी करतो, गाडी थांबल्यावर. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला. बडोद्याहून तो उत्तरेपासून १३६ अंशांवर, म्हणजे जवळजवळ नेमका आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ५५ अंश उंच. गरुडेश्वरलाही तेच कोन चालतात. होकायंत्र गाडीच्या पत्र्यापासून दूर धरायचं आणि आग्नेयेला मोठं झाड नाही अशी जागा बघायची, की पाच मिनिटांत चित्र येतं.

या कामात मला दर वेळी १९७५ ची आठवण होते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून थेट टीव्ही पोहोचला. तो उपग्रह ३५ अंश पूर्वेला होता, म्हणून खेड्यांतल्या जाळीच्या मोठ्या तबकड्यांची तोंडं पश्चिम-नैर्ऋत्येला होती. आपल्या शेजारच्या खेडा जिल्ह्यात, नडियादजवळच्या पीजला छोटं प्रक्षेपण केंद्र उभं राहिलं आणि इस्रोच्या अहमदाबाद केंद्रात तयार झालेले कार्यक्रम खेड्यांतल्या सामायिक सेटवर दिसू लागले. खेडा जिल्ह्यातल्या या प्रकल्पाला १९८४ साली युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला. एका सेटसमोर सगळं गाव बसे. आमच्या तिवईवरच्या तबकडीसमोरही धर्मशाळेतल्या दोन-तीन बायका येऊन बसतात. आई त्यांना सरकून जागा देते.

*

बडोद्याचा मे महिना. उन्हात बंद उभी गाडी आत भट्टी होते. बहुतेक टीव्ही ४० अंशांपर्यंत चालवण्यासाठी बनवलेले असतात. गाडी उघडल्या उघडल्या रिमोट हातात घेऊ नये. खिडक्या उघडा, पंखा लावा, आतला माणूस सुखाने बसू शकला की टीव्हीही बसू शकतो.

आणि पाऊस. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या पाण्यात उभ्या होत्या. टीव्ही वर असतो, तो वाचतो. बॅटरी आणि इन्व्हर्टर बाकाखाली असतात, ते जातात. शक्य तेवढे उंच बसवा.

*

कायद्याचं. भिंतीवर टीव्ही लावणं वेगळं आणि प्रवासी गाडीचं घर करणं वेगळं. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलात बसत नाही असा बदल मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. सीटा काढण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. आणि पडदा चालकाला आरशातूनसुद्धा दिसता कामा नये.

*

गाडीत टीव्ही असेल तर एवढं करा. प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी पाना घेऊन बोल्ट आवळून बघा, ब्रॅकेटमागची प्लाय भुसकट सोडते का ते बोटाने तपासा, आणि गाडी चालू असताना त्या सेटच्या बरोबर खाली मुलाला बसू देऊ नका.