एक्कावन्न शनिवारांचा नेम

आपल्या मराठी घरांना नेम नवा नाही. चातुर्मासात कोणी कांदा-लसूण वर्ज्य करते, कोणी वांगे सोडते, कोणी लक्ष वाती वळते, तर कोणी मौन धरून जेवते. नेमाची वस्तू लहान असली तरी चालते. किंबहुना ती लहानच असावी, कारण नेमाचे सारे बळ वस्तूत नसून न चुकण्यात असते. होळकरांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या आपल्या पूर्वजांनी देवघरांतल्या मूर्तींबरोबर ही सवयही आणली, आणि ती अद्याप सुटलेली नाही. आम्ही उभयतांनी २०२४च्या गुढीपाडव्याला जो नेम धरला तो मात्र कोणत्याही पोथीत सापडावयाचा नाही. दर शनिवारी रात्री दोघांनी मिळून एक मराठी चित्रपट पाहावयाचा आणि पुढील पाडव्यापर्यंत एकही शनिवार चुकवावयाचा नाही, असा तो नेम. पंचांग उघडून मोजले तेव्हा मध्ये ५१ शनिवार येत होते. ५१ हा आपल्याकडे दक्षिणेचा आणि आहेराचा आकडा. तेवढ्या शुभशकुनावर संकल्प सोडला.

वाचकांच्या सोयीसाठी सांगावयास हवे की, आम्हां दोघांपैकी एक सरकारी शाळेत मुख्याध्यापक आहे व दुसरी गृहिणी. पुढे 'मास्तर' आणि 'गृहिणी' असा उल्लेख येईल तो आमचाच समजावा. घर जुनी इंदूर भागात, शनिमंदिरापासून फार दूर नाही. त्यामुळे शनिवार म्हटला की तेल वाहावयास निघालेल्या भाविकांची वर्दळ गल्लीत असतेच. कन्या नोकरीनिमित्त बंगळुरास गेली आणि घरात दोघेच उरलो. उरलेल्या दोघांत दिवसाकाठी जे बोलणे होई ते दळण, विजेचे बिल आणि रक्तदाबाची गोळी या तीन विषयांत आटोपे. भांडण नव्हते, रुसवा नव्हता. बोलण्यासारखे काही उरले आहे असे वाटत नव्हते, इतकेच. अठ्ठावीस वर्षांच्या संसारानंतर पुष्कळ घरांत हेच होत असावे.

नेमाची वार्ता फोनवर ऐकताच कन्या म्हणाली, "अरे वा, चॅलेंज घेतलंत!" आम्ही म्हटले, "चॅलेंज नव्हे गं, नेम." आव्हान दुसऱ्यास द्यावयाचे असते, नेम स्वतःला लावून घ्यावयाचा असतो. पहिल्यात कोणी तरी हरावे लागते, दुसऱ्यात तशी गरज नसते.

नियम चार केले. पहिला, चित्रपट काळाच्या क्रमाने पाहावयाचे. एकदा पुढे गेल्यावर मागे यावयाचे नाही. दुसरा, आरंभापासून अखेरपर्यंत दोघांनीही बसावयाचे, आणि त्या वेळात दोन्ही फोन स्वयंपाकघरातील पिठाच्या डब्यावर ठेवावयाचे. तिसरा, एक जण परगावी असेल तर दुसऱ्याने एकट्याने पाहावयाचा नाही. पुढल्या शनिवारी दोन पाहून भरपाई करावयाची. चौथा नियम गृहिणीचा. चित्रपट संपल्यावर काही न बोलता प्रत्येकाने आपल्या वहीत चार ओळी लिहावयाच्या, आणि रविवारी सकाळी पोह्यांच्या बश्या समोर घेऊन त्या एकमेकांस वाचून दाखवावयाच्या. मास्तराला वाटले होते की आपला क्रमाचा नियम सर्वांत महत्त्वाचा. तसे ठरले नाही.

आरंभ कोठून करावा हा प्रश्न होता. दादासाहेब फाळक्यांचा १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' आज अपुराच उपलब्ध आहे, आणि आम्हांला तर बोलणारी मराठी ऐकावयाची होती. म्हणून १९३२चा 'अयोध्येचा राजा' घेतला. दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे यांचा हा बोलपट प्रभात कंपनीने कोल्हापुरात मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार केला होता. पुढील काही शनिवारी ध्यानात आले की प्रभातची ही रीतच होती. 'कुंकू' (१९३७) हिंदीत 'दुनिया न माने' झाला, 'माणूस' (१९३९) हा 'आदमी' झाला, 'शेजारी' (१९४१) हा 'पडोसी' झाला. आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांना यात फारच आपलेपणा वाटला. एकच घर, एकच दुःख, आणि उंबऱ्याच्या आत एक भाषा व बाहेर दुसरी. आपले तरी दुसरे काय आहे?

आमच्या लहानपणी इंदुरास मराठी चित्रपट भेटे तो पाहुण्यासारखा. कधी रविवार सकाळचा एखादा खेळ, तर पुढे १९८०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी दुपारी लागणारा प्रादेशिक चित्रपट. हिंदी चित्रपटांची मात्र शहराला एवढी सवय की, आजही येथे पत्ता सांगताना रीगल चौराहा, मधुमिलन चौराहा, सपना-संगीता रस्ता अशी चित्रपटगृहांची नावेच घ्यावी लागतात. आता मात्र कन्येने आणून दिलेल्या टीव्हीच्या पडद्यावर जुने बोलपट घरबसल्या येऊ लागले. मिळणे सोपे झाले होते. बसणे तेवढे अवघड राहिले होते.

पहिली अडचण सरकारी आली. १३ मे २०२४ रोजी इंदुरास लोकसभेचे मतदान होते आणि मास्तराच्या गळ्यात नेहमीप्रमाणे निवडणुकीचे काम पडले. एक शनिवार बुडाला, तो पुढल्या शनिवारी दोन चित्रपट पाहून भरला. दुसरी अडचण ऑगस्टमधली. गृहिणीच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी काही दिवस पडद्याकडे पाहावयाचे नाही असे बजावले. नेम मोडतो की काय, अशी शंका आली. तेव्हा गृहिणी म्हणाली, "अहो, पाहायचं नाही म्हणालेत, ऐकायचं नाही असं कुठे म्हणालेत?" त्या शनिवारी क्रमाने आला होता राजा परांजपे यांचा 'जगाच्या पाठीवर' (१९६०), आणि त्यातील नायिका आंधळी! गृहिणी डोळे मिटून खुर्चीत बसली व मास्तराने संजयाची भूमिका पत्करली. कोण आले, कोण गेले, चेहऱ्यावर काय उमटले, सारे सांगावयाचे. सांगावयाचे म्हणून नीट पाहावे लागले. सीमा देव यांचा हात हवेत चाचपडत पुढे येतो तेव्हा बोटे कशी असतात, हे मास्तराने यापूर्वी एकदा पाहिलेल्या त्याच चित्रपटात प्रथमच पाहिले.

२८ सप्टेंबरला शनिवार आला. इंदूरच्या शीख मोहल्ल्यात १९२९ साली याच तारखेस लता मंगेशकरांचा जन्म झाला. योगायोग असा की क्रमाने त्या दिवशी भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' (१९६५) येत होता. त्याचे संगीत 'आनंदघन' यांचे, आणि आनंदघन म्हणजे स्वतः लताबाई, हे त्या चित्रपटाला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा जगजाहीर झाले. गावातून शहरात गेलेल्या लोहार दांपत्याची ती कथा. त्या रात्री गृहिणीने वहीत एकच वाक्य लिहिले: 'भाता दोघांनी ओढला तरच विस्तव राहतो.'

वह्यांचे महत्त्व येथून पुढे कळू लागले. 'पिंजरा'त (१९७२) एका आदर्श गुरुजींची तमाशातील बाईपायी होणारी वाताहत पाहून मास्तराने केवळ छायाचित्रणावर चार ओळी लिहिल्या. गृहिणी मात्र दुसऱ्या दिवशी दिवसभर प्रसन्न होती. 'उंबरठा'च्या (१९८२) रविवारी पोहे निवून गेले. स्मिता पाटीलची सुलभा घर सोडते ते योग्यच, असे मास्तराने ठामपणे लिहिले होते. गृहिणीच्या वहीत सुलभाचे नावही नव्हते. तिने लिहिले होते सुलभाच्या मुलीला मायेने सांभाळणाऱ्या जावेविषयी. 'जी बाहेर गेली तिचा चित्रपट झाला. जी आत राहिली तिला कोणी काही विचारलेच नाही.' एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली, दोघांनी दोन निराळे चित्रपट पाहिले होते. दीड तास बोलत बसलो. त्यात दळण नव्हते, बिल नव्हते.

तरीही या नेमाचे खरे फळ हाती आले ते माघातल्या एका शनिवारी, नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'च्या वेळी. हा चित्रपट २०१३ साली महोत्सवांतून आणि २०१४ साली चित्रपटगृहांतून लोकांपुढे आला. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. शाळकरी जब्या, त्याचे डुकरे धरणारे कुटुंब, आणि गाव. यातील काही भाग कैकाडीत, उरलेला सोलापूर जिल्ह्यातील गावरान मराठीत. एम.ए.च्या भाषाशास्त्राच्या पेपरात बोलींची वैशिष्ट्ये पाठ करून उत्तम गुण मिळविलेला आमच्यातील मास्तर मराठी चित्रपट पाहताना खालच्या इंग्रजी ओळी वाचू लागला! आणि शेजारी बसलेली गृहिणी मात्र त्या ओळी उमटण्याआधीच हसत होती, आधीच हळहळत होती.

गृहिणीचे माहेर करमाळा तालुक्यातले. १९९६ साली ती सून म्हणून या घरात आली. तिच्या बोलण्यास कोणी कधी नावे ठेवली नाहीत. पण ज्या घरात 'लई'ला 'फार' आणि 'व्हय'ला 'हो' म्हणतात त्या घरात नव्या सुनेचे शब्द न सांगताच बदलतात. आपल्याला मात्र त्याचे निराळेच गाऱ्हाणे असते. आपण 'जेवून राहिलो आहोत' म्हटले की पुण्याचे नातलग गालात हसतात आणि ते आपणांस झोंबते. आमच्याच स्वयंपाकघरात आणखी एक मराठी इतकी वर्षे गप्प राहिली होती, हे 'फँड्री'ने दाखविले.

चित्रपटाच्या शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट पाहणाऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. रविवारी गृहिणीने वही उघडली. ओळी तिच्या माहेरच्या भाषेत होत्या आणि वाचतानाचा आवाजही आम्हांस अपरिचित होता. 'त्या पोराला लई राग आलाय. आन् त्यो आपल्यावरच आलाय. दगड चुकवायचा न्हाई, कुठनं आला त्ये बघायचं.' मास्तराने आपली वही मिटून ठेवली, कारण वाचण्यासारखे काही राहिले नव्हते. मग गृहिणी बोलतच राहिली. करमाळ्याकडची उन्हे, वडिलांची बैलजोडी, शाळेत मागे बसणाऱ्या मुली, कोणाला पाणी वरून ओतून देत असत ते. सारे त्याच बोलीत. अठ्ठावीस वर्षांत हे आमच्यात बोलले गेले नव्हते. पुढे 'सैराट'च्या (२०१६) वेळी तर ती पात्रांबरोबरच बोलत होती. त्याच्या अखेरीस मात्र सारा आवाज थांबतो, एक लहान मूल आणि त्याची पावले तेवढी दिसतात. तेथे कोणतीच भाषा कामास येत नाही. आम्हीही बसून राहिलो.

'फँड्री'त डुक्कर बांबूला टांगून नेताना मागे शाळेची भिंत दिसते आणि तिच्यावर आंबेडकरांची, सावित्रीबाईंची चित्रे असतात. शाळा चालविणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढून ते दृश्य हलत नाही. मास्तराच्या शाळेचे माध्यम हिंदी. पण मुले घरून माळवी, निमाडी घेऊन येतात आणि झाबुआ-अलीराजपूरकडून बांधकामावर आलेल्या मजुरांची मुले भिली घेऊन येतात. मार्चपासून शनिवारच्या बालसभेत एक नवी गोष्ट सुरू झाली: दर खेपेस एका मुलाने आपल्या घरच्या बोलीत काहीही सांगावयाचे. जुलैपासून कोणाशी फारसा न बोललेला एक मुलगा उभा राहिला आणि त्याने भिलीत कोल्ह्याची गोष्ट सांगितली. शब्द कळले ते तीन-चार जणांना. कोल्हा मात्र सर्वांना कळला. त्या संध्याकाळी घरी ही हकीकत ऐकताना गृहिणीने विचारले, "आन् तो पोरगा हसला का न्हाई?" हसला होता.

शेवटचा शनिवार २९ मार्च २०२५. त्या दिवशी शनि-अमावास्या असल्याने गल्लीत रात्रीपर्यंत पाय ठेवावयास जागा नव्हती. खिडक्या लावून घेऊन महेश मांजरेकरांचा 'जुनं फर्निचर' (२०२४) पाहिला. त्या नावावरून कन्येने फोनवर आमची थट्टाही केली. दुसऱ्या दिवशी गुढी उभारली. ५१ पुरे झाले होते. दोन्ही वह्यांत मिळून कितीदा एकमत झाले ते मोजू लागलो, आणि दहाच्या पुढे आकडा जाईना. वाईट वाटले नाही. एकमत असते तर रविवार सकाळी बोलावयाचे काय?

नेम यंदाही चालू आहे. वाचकांपैकी कोणा दांपत्यास असा काही नेम धरावासा वाटला तर अवश्य धरावा; चित्रपटांचाच असावा असे नाही, नाटकांचा, अभंगांचा, जुन्या अंकांच्या वाचनाचाही चालेल. अनुभवाअंती एवढेच सुचवितो की, वही एकच घेऊ नये. दोन घ्याव्यात, आणि दुसरीतले अक्षर आपल्या ओळखीचे आहे असे आधीच धरून चालू नये.