मीटर

मारुंजीत आमच्या ओसरीसमोर पुतण्याची सॅन स्टॉर्म पत्र्याच्या शेडखाली उभी असे. फायबरच्या अंगाची, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. हिंजवडीत आयटी पार्क आले, थोडे शेत विकले, त्या पैशातून हौसेने घेतलेली. पण त्या कोंडीत ती पळणार कुठे? रविवारी पुसायची, पुन्हा झाकायची.

यंदा लेकीच्या शिक्षणासाठी त्याने ती विकायला काढली. त्याचे डोळे भरले. मी म्हटले, “अरे, सचिन तेंडुलकरांनी २००२ साली भेट मिळालेली फेरारीसुद्धा २०११ साली विकलीच ना!”

गिऱ्हाइकाने आधी मीटर पाहिला. ९,००० किलोमीटर. “कमी चाललीय, म्हणून तर किंमत!” मला हसू आले. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. माझ्या ४१ वाऱ्या. गाडीपेक्षा माझे पायच जास्त चालले!

आणि तिथेच चपापलो. त्याने मीटर पाहिला, मीही माझा पाहिला. पांडुरंगाने कधी पाहिला आहे का?

पुतण्याने किल्ली दिली आणि लेकीचा अर्ज भरायला बसला. गुडघ्यांनी वारी सुटल्यापासून मी भेटेल त्याला वाऱ्यांचा आकडा सांगत असे. तो इथे लिहिला, हा शेवटचा. आता कुणी विचारले, तर म्हणतो, “माउलींनी नेले तितक्या.”