चांदीचा काळेपणा, सोन्याचे पाणी

मराठी घरात मुलीच्या अंगावर पहिल्यांदा चढणारा धातू बहुधा सोने नसून चांदी असतो. बारशाला आलेले वाळे, पाऊल टाकू लागल्यावर घातलेले पैंजण, लग्नातली जोडवी आणि पुढे किल्ल्या अडकवायचा कमरेचा छल्ला, असा चांदीचा संबंध मुख्यतः पायांशी आणि कमरेशी राहिला, कारण सोने ही लक्ष्मी असल्याने ते कमरेखाली घालू नये असा संकेत होता. परिणामी घरातली सर्वांत राबणारी चांदी धूळ, घाम आणि मोरीतले साबणाचे पाणी यांतच आयुष्य काढते, आणि तरीही जोडवी सहसा काळी पडत नाहीत. सराफाच्या गुलाबी कागदात जपलेले वाळे मात्र नातवाच्या बारशाला बाहेर काढावेत, तर काळेकुट्ट निघतात.

याचे कारण असे की चांदीवरचा काळा थर हा बाहेरून येऊन बसलेला मळ नसतो. हवेत अल्प प्रमाणात असलेला हायड्रोजन सल्फाइड हा गंधकयुक्त वायू चांदीशी संयोग पावतो आणि सिल्व्हर सल्फाइड हे काळे संयुग तयार होते, म्हणजे त्या थरात स्वतः दागिन्याचीच चांदी असते. रोज वहाणेला आणि शेजारच्या बोटाला घासणारे जोडवे हा थर जमू देत नाही, अर्थात त्यात ते झिजतेही. दागिन्यावर ९२५ असा शिक्का असेल, तर हजार भागांत ९२५ भाग चांदी असून उरलेला भाग बहुधा तांब्याचा असतो, जो मऊ चांदीला कणखर करतो, पण काळे पडण्यालाही हातभार लावतो.

रांगोळी, राख किंवा टूथपेस्ट यांनी घासून चांदी उजळण्याची सवय घरोघरी आहे, आणि ती सोडवत नाही हेही खरे. परंतु रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, तिने काळ्या थराबरोबर नक्षीचे कंगोरेही जातात. त्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलवर दागिना टेकवून त्यावर खाण्याचा सोडा घातलेले कढत पाणी ओतणे बरे. अ‍ॅल्युमिनियम चांदीपेक्षा अधिक क्रियाशील असल्याने या सोड्याच्या पाण्यात सल्फाइडमधली चांदी पुन्हा मूळ धातू होऊन जागच्या जागी राहते, गंधक सुटतो, सडक्या अंड्यासारखा किंचित वास येतो आणि काही मिनिटांत वाळ्यांचे वळसे पांढरे होऊ लागतात. मात्र मोती, मीनाकाम, दोऱ्यात गाठवलेले मणी आणि नक्षी उठावी म्हणून खोलगट भाग मुद्दाम काळे केलेले दागिने यांना हा उपाय लावू नये, कारण त्या पाण्याला हौसेचा काळेपणा आणि नकोसा काळेपणा यांतला फरक कळत नाही.

सोन्याचे पाणी दिलेल्या, म्हणजे तांबे, पितळ किंवा चांदीवर विद्युत्‌प्रवाहाने सोन्याचा पातळ थर चढवलेल्या दागिन्यांची गोष्ट नेमकी उलटी आहे. हा थर पुष्कळदा एका मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, पातळ असतो. सोने स्वतः काळे पडत नाही. काळेपणा वर येतो तो थराखालच्या धातूतून, सूक्ष्म छिद्रांवाटे आणि झिजलेल्या जागांवाटे. म्हणून चांदीला रोजचा वापर मानवतो, तर मुलाम्याला विश्रांती. येथे घासणे आणि सोड्याचे पाणी दोन्ही वर्ज्य. कार्यक्रमाहून परतल्यावर मऊ सुती कापडाने घाम टिपून, दागिना वाऱ्यावर कोरडा करून स्वतंत्र पिशवीत ठेवणे, आणि अत्तर अंगावर पूर्ण वाळल्यानंतरच तो घालणे, एवढीच त्याची खरी निगा. ठुशीसारख्या दागिन्यात मण्यांआधी गोंडाच कुजतो, म्हणून ती पाण्यात बुडवूच नये. दोन्ही प्रकारांना लोकरी कापड आणि रबरबँड मात्र वाईट, कारण दोन्हींत गंधक असतो.

या निगेमागचा हिशेब शेवटी सराफाच्या काट्यावर उघड होतो. झिजलेली जोडवी मोडीत घातली तरी घट आणि डाग वजा जाता चांदीचे मोल हाती येते, शिवाय त्यांतून नव्या सुनेची जोडवी घडू शकतात. पाणी उडालेल्या ठुशीला मोड नसते. फार तर पुन्हा पाणी देऊन घ्यावे, नाहीतर तिची रवानगी नातीच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनाच्या पोशाखात होते, आणि तेथे रंगमंचाच्या उजेडात ती पुष्कळ वर्षे खपून जाते.