रफूगराची काच

आमच्या वस्त्यांमध्ये हुनर म्हणजे बहुतेक वेळा दुरुस्तीचा हुनर. पिंजारी जुन्या गादीचा कापूस पिंजून ती पुन्हा फुगवायचा. कल्हईवाला काळवंडलेलं पातेलं चमकवून द्यायचा. रफूगर त्याच कापडाचा धागा काढून भोक असं बुजवायचा, की बोट फिरवूनही कळू नये. पुढे स्टील आलं आणि कल्हईची भट्टी विझली. फोमच्या गाद्या आल्या आणि पिंजाऱ्याची तात मुकी झाली. त्यांची नातवंडं आज मोबाईल दुरुस्तीला बसली आहेत.

नवापूर तालुक्यातल्या आमच्या खांडबाऱ्यासारख्या गावात ही रोजी लहान नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. त्यानंतर बँकेचा ओटीपी काय, ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या माणसाची खुशाली काय, सारं फोनवर आलं. काच फुटली की माणूस अडतो. नुसती वरची काच गेली असेल तर आमची मुलं फोन गरम पाटीवर ठेवतात, बारीक तारेनं काच सोडवतात, नवी चिकटवतात. पण ‘फोल्डर गेलं’ म्हटलं की मजुराचा चेहरा उतरतो. कित्येक दिवसांची मजुरी त्यात जाते.

आता शास्त्रज्ञ आपोआप सांधणाऱ्या काचेच्या मागे लागले आहेत. आजच्या काचेतले अणू घट्ट बांधलेले असतात. ती बंधनं एकदा तुटली की साध्या उष्णतेत पुन्हा जुळत नाहीत. टोकियो विद्यापीठात ताकुझो आइदा यांच्या प्रयोगशाळेत एक विद्यार्थी गोंद बनवू पाहत होता. त्याला असं पॉलिमर सापडलं, की कापलेल्या कडा हातानं दाबून धरल्या तरी जुळतात. त्यातली हायड्रोजन बंधनं एकेकटी दुबळी असतात, पण असंख्य असतात. तुटतात तशी पुन्हा बांधलीही जातात. हे संशोधन डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. २०२१ मध्ये कोलकात्याची आयसर आणि खरगपूरची आयआयटी यांनी असे स्फटिक दाखवले, की तुटताच दोन्ही कडांवर विरुद्ध विद्युतभार येतो आणि तुकडे क्षणार्धात एकमेकांना ओढून घेतात. दाबायलाही नको.

दोन्ही कामं प्रयोगशाळेतली. सांधायचं तर रेणूंना थोडी हालचाल हवी आणि खिशातल्या किल्लीनं ओरखडा पडू नये म्हणून पडदा कणखरही हवा. हा मेळ घालणं सोपं नाही. शिवाय कडा स्वच्छ हव्यात, समोरासमोर हव्यात. चुरा होऊन गळून पडलेली काच कोण सांधणार?

तरीही ही काच येवो, अशीच आमची दुआ आहे. मजुराचे पैसे वाचत असतील तर आपल्या दुकानासाठी त्याचा फोन फुटत राहावा, असं म्हणणं इमानाला धरून नाही. पण पोटाचा प्रश्न उरतोच. फोन काचेखालीही बिघडतो, बॅटरी संपते, चार्जिंगची पिन सैल होते. ही कामं गावातल्या कारागिराला करता यावीत, म्हणून सुटे भाग आणि माहिती त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टलही काढलं. आमच्या किती दुकानदारांना याचा पत्ता आहे?

दुसरी गोष्ट तालीमची. कल्हई गेली तेव्हा धातूचं शास्त्र आमच्या घरात नव्हतं. दुसऱ्यांनी शोधलेलं स्टील आम्ही विकत घेतलं. या वेळी तसं होऊ नये. दुकानात बसणाऱ्या मुलाची बहीण दहावीला विज्ञानात पुढे असेल, तर तिचं शिक्षण तिथेच थांबवू नका. जळगावच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकता येतं आणि खांडबाऱ्याहून जळगावला रेल्वे जाते. त्याच कापडाचा धागा काढून कापड सांधणाऱ्या रफूगराच्या घरातल्या मुलीला हे पॉलिमर समजायला जड जाणार नाही.